टोपलीआडचे भिक्षू आणि त्यांची बासरी: शाकुहाचीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा भाचा बाहेरच्या खोलीत व्हिडिओ गेम खेळत होता आणि मी आत मेथी निवडत बसले होते. अचानक एक सूर कानावर आला, अर्धा वारा आणि अर्धा स्वर. मेथी तशीच टाकून मी बाहेर आले. "मावशी, ही बासरी वाजवली की गेममधलं हवामान बदलतं," तो म्हणाला. तेव्हापासून मी शाकुहाचीच्या नादी लागले ती लागलेच. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती ऐकवते आणि ऐकून झालं की बहुतेक सगळे तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

शाकुहाची म्हणजे नेमकी कोणती बासरी?

उभी धरून वाजवायची, दोन्ही टोकांना उघडी असलेली जपानी बासरी. मादाके जातीच्या बांबूचा अगदी मुळाकडचा तुकडा त्यासाठी घेतात. म्हणून तिचं खालचं टोक जाडजूड, जरासं बाक आलेलं आणि छाटलेल्या मुळ्यांच्या गोल खुणांनी भरलेलं दिसतं. नाव पडलंय ते मापावरून. शाकु म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर, सुन हा त्याचा दहावा भाग आणि हाची म्हणजे आठ. एक शाकु आठ सुन, म्हणजे सुमारे 54.5 सेंटिमीटर, ही तिची प्रमाण लांबी. बोटांची भोकं फक्त पाच, चार पुढे आणि एक मागे अंगठ्यासाठी.

आपल्या बासरीला फुंकर घालायला वेगळं भोक असतं. शाकुहाचीला तेही नाही. वरच्या तोंडाच्या कडेला एक तिरका काप दिलेला असतो. तोंडाची मागची बाजू हनुवटीला टेकवायची आणि त्या धारेवर श्वास सोडायचा. लहानपणी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून आपण हुंकार काढायचो, तीच ही युक्ती. हनुवटी खाली घेतली की स्वर उतरतो, त्याला 'मेरी' म्हणतात. वर केली की चढतो, तो 'कारी'. स्वराला कंप द्यायचा तर मान हलवायची. जपानीत म्हणच आहे, मान हलवायला तीन वर्षं, 'कोरो' जमायला आठ वर्षं. कोरो म्हणजे दोन भोकांची आलटून पालटून उघडझाप करत काढलेला, पाखराच्या गळ्यातून आल्यासारखा गुळगुळता आवाज.

या वाद्याचा अध्यात्माशी संबंध कसा आला?

एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या दरम्यान, जपानमध्ये झेन बौद्धांचा फुके नावाचा एक पंथ होता. त्यातले भिक्षू बासरी वाजवत गावोगाव फिरायचे आणि भिक्षा मागायचे. त्यांना कोमुसो म्हणत. या शब्दाचा अर्थ साधारण 'शून्याचे, रितेपणाचे भिक्षू' असा होतो. मूळ संस्कृत 'ध्यान' चीनमध्ये 'चान' झालं आणि जपानमध्ये 'झेन', हे अनेकांना माहीत असतं. बाकीचे झेन भिक्षू मांडी घालून ध्यानाला बसत, त्याला झाझेन म्हणतात. कोमुसोंचं ध्यान फुंकरीतून चालायचं, त्याचं नाव सुईझेन. मंत्राच्या जागी श्वास होता आणि आसनाच्या जागी वाट. त्यांच्या वादनाच्या मूळ रचनांना होन्क्योकु म्हणतात. एकाच सुरातून बुद्धत्व, 'इचिओन जोबुत्सु', हे त्यांचं ध्येयवाक्य.

होन्क्योकुत ताल नसतो. एका श्वासात बसेल तेवढं एक वाक्य, मग शांतता, मग पुढचा श्वास. ती शांतता वादनाचाच भाग असते, तिला जपानीत 'मा' म्हणतात. पुढे जे काही सांगणार आहे त्यात ही 'मा' लक्षात ठेवा. लोकप्रिय कलेने बासरीचं बाकी सगळं उचललं आणि बहुतेक वेळा नेमकी हीच मागे राहिली.

डोक्यावर टोपली कशासाठी घालत?

तिला तेंगाई म्हणतात. लव्हाळ्यासारख्या गवताची विणलेली, हनुवटीच्याही खाली येणारी. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून चेहरा दिसत नाही. 'मी' पुसून टाकायचा, वाजवणारा कोण ते महत्त्वाचं नाही, असा तिचा आध्यात्मिक अर्थ सांगतात. जुन्या चित्रांत मात्र या टोप्या बऱ्याच उथळ दिसतात. चेहरा पुरता झाकणारी खोल टोपली पुढे आली.

मग ते खरंच हेर होते का? सिनेमात तर टोपलीतून निन्जाच बाहेर येतो.

या पंथात प्रवेश सामुराई, म्हणजे योद्ध्यांच्या, वर्गातल्या पुरुषांनाच होता आणि त्यातले कितीतरी जण धनी गमावलेले रोनिन होते. हातात तलवारीची विद्या, पोटापाण्याचं साधन गेलेलं आणि कोणाला चेहरा दाखवायची इच्छा नाही, अशी ही माणसं. त्यांना देशभर मोकळेपणाने फिरायची मुभा होती, तीही इतरांना नाक्यानाक्यावर अडवलं जायचं त्या काळात. असा वेश कोणाला नको असेल? 1681 च्या 'शोनिन्की' या निन्जांच्या ग्रंथात वेशांतराचे सात प्रकार दिलेत, त्यात कोमुसोचा वेश आहेच. म्हणजे हेर कोमुसोचं सोंग घेत, याला जुना आधार आहे. त्यावरून प्रत्येक कोमुसो हेर होता असं मानणं हा त्या वाटांवर खरोखर श्वास मोजत चाललेल्या माणसांवर अन्याय आहे. सिनेमावाल्यांना आणि 'मांगा' या जपानी चित्रकथा काढणाऱ्यांना टोपली दिसली की आत तलवारच दिसते. मला त्याचं वाईट वाटतं, कारण टोपलीआड नुसता एक थकलेला माणूस वाजवत असणं हे जास्त मोठं नाट्य आहे.

ही परंपरा फार प्राचीन आहे ना?

वाद्य प्राचीन आहे. नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातल्या शाकुहाची आजही जपून ठेवल्यात, त्यांना सहा भोकं आहेत. पंथाची कथा मात्र वेगळी.

कथा अशी. नवव्या शतकातल्या चीनमध्ये पुहुआ नावाचा एक विक्षिप्त अवलिया घंटा वाजवत रस्त्याने फिरायचा. जपानीत त्याचं नाव फुके. त्याच्या एका चाहत्याने त्या घंटेचा नाद बांबूच्या बासरीत पकडला आणि तेराव्या शतकात काकुशिन नावाच्या भिक्षूने ती धून जपानला आणली. ऐकायला फार सुंदर. पण ही कथा सांगणारा 'क्योताकु देंकी' हा ग्रंथ छापला गेला 1795 मध्ये, आणि अभ्यासक ती मागाहून रचलेली मानतात. तीच गत त्या प्रसिद्ध फर्मानाची. पंथाच्या सवलतींचा आधार म्हणून भिक्षू 1614 सालचं, एदो राजवटीचा संस्थापक तोकुगावा इएयासू याच्या नावाचं एक फर्मान दाखवत. ते बनावट होतं.

हे वाचून काही जणांचा हिरमोड होतो. माझा झाला नाही. होन्क्योकु खऱ्या आहेत. किन्को कुरोसावा (1710 ते 1771) या कोमुसोने मठामठांतून गोळा करून ठेवलेल्या 36 रचना आजही गुरुशिष्य परंपरेने शिकवल्या जातात. वंशावळ रचलेली असली म्हणून सूर खोटा होत नाही. आणि जी परंपरा स्वतःच गोष्टी सांगत वाढली, तिला गोष्टी सांगणाऱ्या कलांनी उचललं यात नवल नाही.

लोकप्रिय कलेत ती पहिल्यांदा कधी दिसली? हॉलीवूडमध्ये?

छे. हॉलीवूड जन्मायच्या कितीतरी आधी. एदो काळातल्या शहरांत काबुकी आणि कठपुतळीची नाटकं म्हणजे आजच्या सिनेमासारखीच, तुडुंब गर्दीची. सुकेरोकु हा काबुकीचा लाडका छेलछबिला नायक पाठीमागे कमरपट्ट्यात शाकुहाची खोचूनच रंगमंचावर येतो. त्याच्यासारख्या गल्लीतल्या दादालोकांना ही बासरी वाजवायला आणि हाणामारीला, दोन्हींना उपयोगी पडायची. हारुनोबु या चित्रकाराने तर कोमुसोच्या वेशातली प्रेमी जोडपी रंगवली. म्हणजे अठराव्या शतकात टोपली ही चक्क फॅशन झाली होती.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो 1748 सालच्या 'कानादेहोन चुशिंगुरा' या नाटकाचा नववा अंक. 47 रोनिनांच्या सूडाची ही कथा ओसाकामध्ये आधी कठपुतळ्यांनी सादर केली आणि मग काबुकीत आली. नवव्या अंकात बर्फ पडतंय. तोनासे नावाची बाई आपल्या सावत्र मुलीला, कोनामीला, घेऊन तिच्या ठरलेल्या सासरी आली आहे. सासू लग्न मोडते. अपमान सोसून जगण्यापेक्षा मुलीला मारून आपणही मरायचं असं तोनासे ठरवते. मुलगी हात जोडून बसते. आई तलवार उचलते, आणि दाराबाहेर एका कोमुसोची शाकुहाची सुरू होते.

धून असते 'त्सुरू नो सुगोमोरी', घरट्यातल्या करकोच्यांची. पाखरंसुद्धा पिल्लांवर जीव टाकतात आणि मी काय करते आहे, असं तोनासेच्या तोंडून निघतं. हात थरथरतो. तेवढ्यात घरातून आवाज येतो, "गोमुयो!" नको, असा त्याचा अर्थ. दारात आलेल्या कोमुसोला पुढे जा म्हणून सांगायचे तेही याच शब्दात. आता हे 'नको' बासरीवाल्याला म्हटलं की तलवारीला? तोनासेला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. बासरी थांबते, पुन्हा सुरू होते, तलवार पुन्हा उचलली जाते आणि पुन्हा तोच शब्द येतो. टोपलीखाली असतो मुलीचा बाप होन्झो, वेश पालटून आलेला.

शाकुहाचीचा इतका नेमका वापर मी नंतरच्या कुठल्याच पडद्यावर पाहिलेला नाही. वेशांतर आहे, भिक्षा आहे, करुणा आहे आणि ती शांतताही आहे. तलवार त्या शांततेतच अडकून राहते.

हे भिक्षू आता का दिसत नाहीत?

1871 मध्ये, एदो राजवट गेल्यावर आलेल्या मेइजी सरकारने फुके पंथ बरखास्त केला. वाद्य टिकलं ते बैठकीतलं वाद्य म्हणून, कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या साथीला. 1896 मध्ये नाकाओ तोझान यांनी नवी शैली काढली, तिचा आज मोठा शिष्यवर्ग आहे. क्योतोच्या म्योआन परंपरेने मात्र ध्यानाचा धागा सोडला नाही. तिकडे आजही उत्सवांच्या वेळी तेंगाई घातलेले वादक पाहायला मिळतात.

'मेडिटेशन म्युझिक'मध्ये ही बासरी कुठून आली?

टोनी स्कॉट हा अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक जपानमध्ये राहत होता. 1964 साली त्याने शाकुहाचीवादक होझान यामामोतो आणि कोतोवादक शिनइची युइझे यांच्यासोबत झेन ध्यानासाठी म्हणून एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. पुढे 'न्यू एज' नावाने जो प्रवाह आला त्याची सुरुवात अनेक जण तिथून धरतात. तो अल्बम चांगलाच आहे, तिघं एकमेकांचं ऐकत वाजवताना जाणवतात.

नंतर आलेल्या मसाज पार्लर छापाच्या संगीताबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ते ऐकणाऱ्याला झोपवायला केलेलं असतं. होन्क्योकु जागं करते. तिच्यात 'मुराइकी' नावाचा प्रकार असतो, श्वास इतका जोरात आदळायचा की स्वराला फाटल्यासारखी धार येते. पहिल्यांदा हेडफोनवर ऐकताना मी दचकले होते. शाकुहाची म्हणजे नुसती गोड, संथ, निरुपद्रवी असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हे ऐकावंच.

ऐंशीच्या दशकातल्या पॉप गाण्यांत ऐकू येते ती खरी शाकुहाची का?

बहुतेक वेळा एका यंत्रातली. 1984 मध्ये आलेल्या इम्युलेटर टू या सॅम्पलर, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज कळांवर वाजवणाऱ्या, कीबोर्डच्या फ्लॉपीवर शाकुहाचीचा एक आवाज होता. पीटर गॅब्रिएल या ब्रिटिश गायकाच्या 1986 च्या 'स्लेजहॅमर' गाण्याची सुरुवात त्यानेच होते. 1990 मध्ये एनिग्मा या पॉप संगीत गटाने ग्रेगोरियन, म्हणजे ख्रिस्ती मठांतल्या, मंत्रपठणाच्या जोडीला तसाच शाकुहाचीचा सूर वापरला आणि ते गाणं जगभर वाजलं. खऱ्या वादकाचा एक श्वास असा हजारो कीबोर्डांवर जाऊन पोहोचला. कळ दाबली की झालं.

मला तो आवाज आवडतो, खोटं कशाला सांगू. पण सॅम्पलमध्ये स्वराची फक्त सुरुवात असते, ती फुंकरीची धडक. होन्क्योकुत खरी गंमत असते स्वर विझताना. वादक हनुवटी हळूहळू खाली आणतो, स्वर पातळ होत जातो आणि तो नेमका कधी संपला ते सांगता येत नाही. कळ सोडल्यावर आवाज कापला जातो, तिथे ते सगळं गेलं.

आणि चित्रपटांत?

हॉलीवूडने तिचे ढोबळ मानाने दोन उपयोग केले. एक म्हणजे 'आता जपान आला' असं सांगणारी पाटी, जसं 2003 चा 'द लास्ट सामुराई' किंवा 2005 चा 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा'. दुसरा मला जास्त कुतूहलाचा वाटतो, जिथे जपानचा काही संबंधच नाही. संगीतकार जेम्स हॉर्नरने 1988 च्या 'विलो'त आणि 1994 च्या 'लेजेंड्स ऑफ द फॉल'मध्ये काझू मात्सुई यांची शाकुहाची वापरली. पहिली परीकथा, दुसरी अमेरिकेच्या माळरानावरची कौटुंबिक कथा. जॉन विल्यम्सच्या 'जुरासिक पार्क'मध्येही ती आहे. दिग्दर्शकांना तिच्यातला वाऱ्याचा, अरण्याचा अंश हवा असतो. भिक्षू नाही, टोपली नाही, तरी काहीतरी आपल्यापेक्षा जुनं जवळ उभं आहे ही जाणीव ती करून देते. कोमुसोंना हे पटलं असतं असं मला वाटतं.

मैफलीच्या जगातलं एक उदाहरण इथेच सांगते. 1967 मध्ये तोरू ताकेमित्सु या जपानी संगीतकाराने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी 'नोव्हेंबर स्टेप्स' लिहिली. शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा, बिवा या तंतुवाद्यावर किन्शी त्सुरुता, आणि समोर अख्खा पाश्चात्य वाद्यवृंद. ताकेमित्सुने दोघांची मिसळ करायचा प्रयत्न केलाच नाही. दोन जगं समोरासमोर ठेवली आणि मधलं अंतर ऐकू येऊ दिलं.

'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मधली बासरी इतिहासाला धरून आहे का?

माझ्या भाच्याचा हाच गेम, 2020 चा. कथा 1274 च्या मंगोल स्वारीची. नायक जिन बासरी वाजवतो आणि पाऊस, धुकं, ऊन बदलतं. नव्या धुना मिळवायच्या तर दफनभूमीत जाऊन गाणारे रातकिडे शोधावे लागतात.

इतिहास म्हणून बघाल तर सामुराई, बासरी आणि झेन यांची जी जोडी आपल्या डोक्यात बसली आहे ती त्यानंतर तीनेकशे वर्षांनी जमली. आणि बासरी वाजवून हवामान बदलतं अशी कोमुसोंची कधी शिकवण नव्हती. पण खेळताना बघा. लढाया चालू असताना खेळाडू टेकडीवर थांबतो, तलवार म्यानात घालतो आणि वाजवत उभा राहतो. त्याचे गुण मिळत नाहीत, शत्रू मरत नाही. इतक्या धावपळीच्या माध्यमात निरुद्देश थांबायला जागा ठेवली, याबद्दल मला त्या गेमकर्त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. चूक तारखांची आहे, भावनेची नाही.

आजची जपानी तरुण मुलं ती ऐकतात का?

वागाक्की बँडचं 2014 चं 'सेनबोनझाकुरा' बघा. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, कोतो, शामिसेन आणि त्यांच्या बरोबरीने तारस्वरात शाकुहाची. यूट्यूबवर 10 कोटींहून अधिक वेळा पाहिलं गेलंय. ध्यानाचा तिथे मागमूस नाही, पण वाद्य जिवंत आहे.

भारताशी, आपल्याशी काही नातं?

1978 च्या 'ईस्ट ग्रीट्स ईस्ट' या अल्बममध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्यासोबत होझान यामामोतो यांची शाकुहाची आहे. पण दुसरं नातं आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

1977 मध्ये नासाने व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, परग्रहावर कोणी भेटलंच तर पृथ्वी कशी वाजते ते कळावं म्हणून. त्यात गोरो यामागुची यांनी वाजवलेली 4 मिनिटं 51 सेकंदांची शाकुहाची आहे, धून 'त्सुरू नो सुगोमोरी'. तीच, तोनासेची तलवार थांबवणारी. आणि त्याच तबकडीवर साडेतीन मिनिटं आहेत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. दोनांपैकी व्हॉयेजर 1 निघालं त्याच सप्टेंबरमध्ये केसरबाई मुंबईत वारल्या. केरीचा आवाज आणि कोमुसोंची फुंकर एकाच तबकडीवर बसून सगळ्या ग्रहांच्या पलीकडे निघून गेली आहेत. शाकुहाची जितक्या ठिकाणी पोहोचली त्यात याहून दूरचं ठिकाण नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

गोरो यामागुचींच्या याच धुनेपासून. आई-बाप करकोचे पिल्लं वाढवतात, थंडीत पंखाखाली घेतात, मग पिल्लं उडून जातात, एवढीच तिची कथा. कोरोचा गुळगुळता आवाज आला की ते पाखरांचं बोलणं समजा. त्यानंतर कात्सुया योकोयामा, आणि मग त्यांचे गुरू वाताझुमी दोसो, जे आतून लाख न दिलेल्या, ओबडधोबड, लांबलचक बांबूंवर वाजवायचे आणि ज्यांच्या श्वासाचा खरखराट सुद्धा ऐकण्यासारखा आहे. काम करता करता ऐकू नका, पाच मिनिटं नुसतं बसा. फोनच्या स्पीकरवर नको, विझत जाणारे स्वर त्यावर पोहोचत नाहीत.

माझा भाचा ही धून ऐकायला पहिल्यांदा बसला तेव्हा तिसऱ्या मिनिटाला उठला. मला वाटलं, कंटाळला. त्याने पंखा बंद केला आणि परत येऊन बसला.